सहा पक्षांच्या घरात आमचं सरकार

गार्चिंग, म्युनिकजवळ

ती. दीनानाथराव यांस,

साडू दत्तात्रयचा साष्टांग नमस्कार. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे तो प्रत्यक्षात नुसती मान वाकवून घातला आहे, पण तुम्ही पूर्ण धरून चालावं. सौ. ताईंची साखर आता कशी आहे? (रक्तातली. डब्यातली कुठे जाते ते मला माहीत आहे.) तुमचा पाठीचा पट्टा सुटला का, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलंत का, की अजून उजव्यावरच भागवणं चाललं आहे, हे सविस्तर कळवावं. आम्ही इकडे सुखरूप आहोत. सुरेखाला इथली हवा मानवली आहे आणि मला इथला पाव. वल्लरी, जावईबापू उत्कर्ष आणि नात स्पृहा मजेत आहेत. स्पृहाला आम्ही मराठीत विचारतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि दोन्ही बाजू आपापल्या परीने समाधान मानतात. मला वाटतं तुमचं आणि ताईंचंही इतकी वर्षं साधारण असंच चाललं आहे.

हे सगळं मी व्हॉट्सॲपवर का लिहिलं नाही, असं तुम्ही विचाराल. एक तर मी मनापासून काही लांब लिहिलं की तुम्ही अंगठा दाखवून मोकळे होता. दुसरं म्हणजे कुटुंबाच्या ग्रुपवर वल्लरीही आहे, आणि यातला काही भाग तिच्या नजरेस पडू नये अशी माझी इच्छा आहे. इथल्या विद्यापीठात संशोधन करणारी निधी नावाची मुलगी पुण्याला येते आहे, तिच्या हाती हे पाकीट देतो. तिला चहा द्या, चकली द्या, पण कृपा करून तिला कोथरूडमधले टू बीएचके दाखवायला नेऊ नका. तुम्ही फ्लॅटच्या दलालीतून निवृत्त झालात असं ताई म्हणतात. तुमच्या वागण्यावरून ते कळत नाही.

तर मुख्य गोष्ट अशी, की मध्यंतरी वल्लरीचं इथलं घर जाण्याच्या बेतात होतं. यांचा भाडेकरार मुदतीचा होता आणि मुदत संपत आली होती. म्युनिकच्या आसपास भाड्याचं घर मिळवणं म्हणजे काय हे तुम्हाला कोथरूडात बसून कळणार नाही. इथे भाडेकरू घरमालकाला स्वतःचा फोटो, पगाराचे पुरावे आणि आपण किती शांत आहोत याचं वर्णन पाठवतो, आणि मालक उत्तर देत नाही. (तुमच्या धंद्याचं हे सुवर्णयुग आहे, चुकीच्या देशात जन्मलात.) वल्लरीला नुकतीच इथल्या संशोधन संस्थेत कायमची जागा मिळाली होती. किती वर्षं ती वर्षावर्षाच्या नेमणुकांवर काढत होती ते तुम्ही जाणता. संस्था घरापासून सायकलने जाण्याजोगी. पण उत्कर्षने स्पष्ट सांगितलं होतं, की हे घर गेलं तर पुन्हा नव्याने रांगा लावण्याची ताकद त्याच्यात नाही. त्याच्या कंपनीचं पुण्यात ऑफिस आहे, गाशा गुंडाळून परत जाऊ.  यावर वल्लरी नुसती भांडी घासत राहिली, डिशवॉशर असताना.

घरमालकीण हेबर्लेबाई त्याच इमारतीत सगळ्यात वर राहतात. वय ऐंशीच्या घरात, पाठ माझ्यापेक्षा ताठ. त्या मूळच्या श्वाबेन भागातल्या आहेत, असं उत्कर्ष दबलेल्या आवाजात म्हणाला. श्वाबेनचं काय एवढं ते मला नंतर कळलं. त्यांनी उत्कर्षला सांगितलं होतं, की करार पुढे चालू ठेवायचा की नाही हे मी एकटी ठरवणार नाही, घरातल्या सहाही पार्टायना विचारीन. उत्कर्षने हे रात्री जेवताना आम्हाला सांगितलं, आणि माझ्या हातातला घास हातातच राहिला.

कारण पार्टाय म्हणजे पक्ष. राजकीय पक्ष. इकडे येण्याआधी मी पुण्यात जर्मनचा क्लास केला होता (तुम्ही म्हणाला होतात की या वयात योगासनं करा), त्यात निवडणुकीच्या धड्यात हा शब्द अधोरेखित करून शिकवला होता. आता एका तीन मजली घरात सहा पक्ष राहतात आणि ते एकत्र बसून माझ्या मुलीचं भवितव्य ठरवणार, असं ऐकल्यावर इतर कोणी घाबरलं असतं. मला मात्र, खरं सांगतो, आतून बरं वाटलं. कारण माझी सगळी तयारी याचीच होती.

तुम्हाला ठाऊक असेल (नसेलही, कारण मी हा विषय काढला की तुम्ही मोबाइल काढता), कॉलेजात राज्यशास्त्र शिकवताना माझा खास प्रांत म्हणजे महायुद्ध संपल्यानंतरची अमेरिका. तुम्ही मुलाकडे न्यूजर्सीला कितीतरी वेळा जाऊन आलात, आणि तिथल्या गोदामाएवढ्या दुकानात लोणी केवढ्या डब्यात मिळतं ते दर वेळी हात पसरून दाखवलंत. मी एकदाही गेलो नाही. पण १९४८च्या निवडणुकीत हरलेल्या उमेदवाराला जिंकवून मोकळं झालेलं वर्तमानपत्र कोणतं, ते मला झोपेतून उठवून विचारा. काय काळ होता तो. एका साच्यातली नवी कोरी घरं, प्रत्येक घरात फ्रिज, दारात मोटार, दिवाणखान्यात टेलिव्हिजन. आणि एवढं सगळं मिळालेला माणूस पडद्याआडून शेजाऱ्याकडे बघून मनात म्हणतो आहे, की हा लाल तर नसेल? सरकारी नोकरांची निष्ठा तपासायला मंडळं बसवली होती. शाळेत पोरांना अणुबाँब पडल्यास बाकाखाली कसं शिरायचं ते शिकवत. आणि संसदेची समिती माणसाला समोर बसवून तो प्रसिद्ध प्रश्न विचारी: आपण आज कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात का, किंवा पूर्वी कधी होतात का? हे वाक्य मी वर्गात इंग्रजीतून, पुढे वाकून, अशा काही आवाजात म्हणत असे की पोरांनी माझं नावच 'आर यू नाऊ' पाडलं होतं.

त्यामुळे दुसऱ्याच दिवशी मी घराची पाहणी केली आणि पुरावे भराभर हाती आले. जिन्यात एक सूचना लावली होती. ती मी शब्दकोश घेऊन वाचली: प्रत्येक पार्टाय एक आठवडा संपूर्ण जिन्याला जबाबदार असून तिने तो. एवढंच. जर्मन भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि नेमकं तिथे कोणा पिझ्झावाल्याने आपली जाहिरात चिकटवली होती. पण मला क्रियापदाची गरज नव्हती. फिरती सत्ता. दर आठवड्याला एका पक्षाचं सरकार. आपल्याकडे लोक पाच-पाच वर्षं खुर्चीला चिकटतात आणि इथे साध्या भाड्याच्या घरात ही व्यवस्था, हे बघून मला भरून आलं. मग मी तळघरात गेलो. तिथे लाकडी फळ्यांचे सहा कप्पे, प्रत्येकाला कुलूप, फटीतून बघितलं तर आत बटाटे, मुरंब्याच्या बरण्या, जुनी ब्लँकेटं. अणुयुद्धाची तयारी दुसरी काय असते? एका कप्प्यात बर्फावर घसरायच्या पट्ट्याही होत्या, बहुधा पळून जाण्यासाठी. मी वर येऊन सुरेखाला हे सगळं समजावून सांगितलं. ती डाळ निवडत होती. ती म्हणाली, बरं.

आता पक्ष ओळखणं आलं. दोन घरं मी सोडून दिली. एकात सायकली फार होत्या आणि दुसऱ्यातली माणसं दिवसा झोपत. एक घर हेबर्लेबाईंचं, एक आमचं. राहिले दोन. तळमजल्यावर ब्रांडलसाहेब, एकटे, माझ्याहून वडील. यांची इंग्रजी थेट अमेरिकन सैनिकांकडून शिकलेली, त्यामुळे त्यातले काही शब्द मी सुरेखाला भाषांतर करून सांगितले नाहीत. लहानपणी युद्ध संपलं तेव्हा हा सगळा मुलूख अमेरिकनांच्या ताब्यात होता, आणि पुढे यांनी त्यांच्याच छावणीत नोकरी केली. म्हणजे बघा, जो काळ मी जन्मभर खडूने फळ्यावर लिहिला तो हा माणूस प्यायला होता. अक्षरशः. ते म्हणाले, युद्ध संपलं त्याच उन्हाळ्यात त्यांना आयुष्यातला पहिला कोको अमेरिकनांनी दिला. मी त्यांना नम्रपणे सांगितलं, की असं होणं शक्य नाही, कारण शाळांतून मुलांना खाणं देण्याची योजना १९४७ साली सुरू झाली. ते म्हणाले, शाळेत नाही, नळापाशी एका सैनिकाने स्वतःच्या मगातून दिला. मी म्हणालो, त्या सुरुवातीच्या काळात सैनिकांनी जर्मनांशी मिसळू नये असा हुकूम होता, तेव्हा हा कोको बहुधा बेकायदेशीर असावा. ब्रांडलसाहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. एवढं आयुष्य आपण एक गुन्हा पोटात घेऊन वावरलो याचा त्यांना फार अभिमान वाटला. त्यानंतर ते मला रोज चहाला बोलवू लागले आणि मी त्यांच्या आठवणी दुरुस्त करू लागलो.

दुसरा आमच्या समोरच्या दारातला विमर. उत्कर्षला भीती होती ती याचीच. पन्नाशीचा, नीटनेटका, दाराशी चपला काटकोनात ठेवणारा. त्याला आमच्या फोडणीचा वास सोसत नाही. हिंग तेलात पडला की त्याची खिडकी धाडकन लागते, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. बाकी सगळे एक वेळ हो म्हणतील, पण हा नक्की विरोधात जाणार, आणि एकानेही नाही म्हटलं तरी हेबर्लेबाई करार करणार नाहीत, असं उत्कर्षचं म्हणणं होतं. एवढं सांगून तो कामासाठी आठवडाभर र्युसेल्सहाइमच्या मोटार कारखान्यात निघून गेला. वल्लरीचा त्याच आठवड्यात कसलातरी मोठा प्रयोग होता, त्यामुळे ती फक्त झोपायला घरी येई. आणि अशा वेळी, सोमवारी सकाळी, आमच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकलेली सापडली. स्पृहाने ती बघून आनंदाने जाहीर केलं, व्हीअर झिंड ड्रान. मी तिला तीनदा विचारलं तेव्हा तिने मराठीत एकच शब्द दिला: आपण.

आम्ही सत्तेवर आलो होतो.

दीनानाथराव, माणसाची तयारी असते पण संधी नसते. मला दोन्ही एकदम मिळालं. मी कोट घातला. सुरेखाला विरोधी पक्षात बसवलं (ती तशीही तिथेच असते) आणि दारोदार फिरून लोकांची गाऱ्हाणी ऐकायला सुरुवात केली. सायकलवाल्यांनी दार उघडून मला एक सफरचंद दिलं. दिवसा झोपणाऱ्यांनी उघडलंच नाही. ब्रांडलसाहेबांना मी औपचारिकपणे सांगितलं, की माझ्या कारकिर्दीत त्यांच्या कोकोची चौकशी होणार नाही. त्यांनी उभं राहून सलाम केला. मग मी विमरच्या दाराशी गेलो. माझा हेतू शुद्ध होता. मला त्याला सांगायचं होतं, की तू आमच्या विरोधात मत दे, खुशाल दे, पण आमच्या राज्यात कोणाच्या मतांची झडती घेतली जाणार नाही. तो जुना भयंकर प्रश्न इथे कोणी विचारणार नाही. आता हे सांगायचं तर तो प्रश्न आधी म्हणून दाखवायला नको का? त्याने दार उघडलं, मी सवयीने पुढे वाकलो आणि त्या आवाजात सुरू केलं, आर यू नाऊ, ऑर हॅव यू एव्हर बीन, अ मेंबर. बस्स, एवढंच. पुढे पक्षाचं नाव घ्यायच्या आतच विमर पांढराफटक पडला.

त्याने जिन्यात वर-खाली बघितलं, मला आत ओढलं आणि दार लावून कुजबुजत विचारलं, की तुम्हाला कोणी सांगितलं.  मग त्याने स्वतःच कबूल केलं. हो, आहे मी मेंबर. जानेवारीपासून गेनोसनशाफ्टमध्ये आहे. हेबर्लेबाईंना कळू देऊ नका. आता गेनोसं म्हणजे कॉम्रेड, हे मला पक्कं माहीत होतं, क्लासमध्ये नव्हे तर शीतयुद्धाच्या पुस्तकांत वाचलेलं. मी हादरलो. आयुष्यभर ज्या प्रश्नाचं उत्तर लोकांनी नाकारलं, टाळलं, वकिलाकडे बघून गिळलं, त्याचं सरळ उत्तर जगात पहिल्यांदा मला, दत्तात्रयला, एका चपलांच्या कपाटाशेजारी मिळालं. मी त्याचा हात हातात घेतला आणि शब्द दिला, की प्राण गेला तरी कोणाचं नाव घेणार नाही.

इकडे जिन्यात चिखल साठत होता. त्या आठवड्यात पाऊस लागून होता, सायकली वर-खाली होत होत्या, आणि ओल्या पानांचा थर पायऱ्यांवर बसला होता. मला वाटलं, कोणीतरी झाडेल. राज्यकर्त्याने खराटा हातात घेणं बरं दिसत नाही. सुरेखा दोनदा बादली घेऊन निघाली होती, तिला मीच अडवलं. शनिवारी हेबर्लेबाई खाली उतरल्या. (श्वाबेनची माणसं जिन्याच्या झाडलोटीबाबत किती कडक असतात, ते मला तेव्हा कळलं.) कठड्यावरून त्यांनी बोट फिरवलं, ते बोट उजेडात धरलं, आणि आमच्या दारावरच्या पाटीकडे बघून मला विचारलं, की याला कोणती पार्टाय जबाबदार आहे? मी कोटाची बटणं लावली आणि म्हणालो, मॅडम, लोकशाहीत सत्ताधारी पक्षाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येत नाही. संपूर्ण जबाबदारी माझी. (हे वाक्य मी पाठ करून ठेवलं होतं, अर्थात वेगळ्या प्रसंगासाठी.)  बाईंनी सांगितलं, की त्या हे घर सांभाळायला लागल्यापासून आजपर्यंत एकाही माणसाने 'मी' असं उत्तर दिलेलं नाही. प्रत्येक जण वरच्याचं किंवा खालच्याचं नाव घेतो. एवढं बोलून त्या वर गेल्या. मला हे अभिनंदन वाटलं. सुरेखाला नाही वाटलं. तिने त्या रात्री मला न विचारता सगळा जिना वरपासून खालपर्यंत पुसून काढला.

रविवारी सभा भरली, तळघरात, धुलाईयंत्रांच्या खोलीत. म्हणजे बाँब पडला तरी कामकाज चालू राहावं अशी सोय. उत्कर्ष परत आला होता, वल्लरी माझ्याशेजारी बसून सगळं मराठीत सांगत होती आणि तिचे हात थंडगार होते. मी ते धरून बसलो होतो. हेबर्लेबाईंनी एकेकाला विचारलं. सायकलवाले हो म्हणाले. दिवसा झोपणारे जागे होते, तेही हो म्हणाले. ब्रांडलसाहेबांनी कोकोचा सगळा इतिहास सांगितला, दुरुस्तीसकट, आणि म्हणाले, की या घरात आजवर कोणी त्यांना खोटं ठरवण्याइतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं, तेव्हा हे कुटुंब राहिलंच पाहिजे. मग विमर उठला. आल्झो, म्हणजे 'तर मग', अशी सुरुवात करून तो बराच वेळ वासाबद्दल बोलला. वल्लरीने भाषांतर थांबवलं. तिची मान खाली गेली. उत्कर्षने डोळे मिटले.

आणि मी उभा राहिलो. मला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं. मी इंग्रजीत म्हणालो, की हा गृहस्थ माझ्या मुलीच्या विरोधात आहे, तरीही मी त्याचा आदर करतो. एका काळी एका फार मोठ्या देशात शेजारी शेजाऱ्याला घाबरत होता. केवळ सभासद असल्याच्या संशयावरून माणसांच्या नोकऱ्या गेल्या, घरं गेली, मित्रांनी ओळख दाखवणं बंद केलं. ते इथे होता कामा नये. या माणसाने भिऊन राहू नये. जानेवारीपासून तो गेनोसनशाफ्टमध्ये आहे म्हणून कोणी त्याच्याकडे वाकड्या नजरेने बघू नये, आणि.

पुढचं माझं भाषण फार चांगलं होतं, पण ते कोणी ऐकलं नाही. कारण गेनोसनशाफ्ट या शब्दाला भाषांतर लागत नव्हतं.  हेबर्लेबाई हळूच विमरकडे वळल्या आणि त्यांनी विचारलं, म्हणजे घर बांधणाऱ्या संस्थेचे सभासद झालात? मिळालं घर? विमर कानापर्यंत लाल झाला (त्याच्याविषयी मला वाटत होतं त्यापेक्षा वेगळ्या कारणाने) आणि पुटपुटला, ऑक्टोबरात. तर दीनानाथराव, गेनोसनशाफ्ट म्हणजे आपली सहकारी गृहनिर्माण सोसायटी. तिला कॉम्रेडशी काही घेणं-देणं नाही. गुपचूप घर बदलणार होता बिचारा. बाईंना आधी कळलं तर त्या रोज नव्या लोकांना घर दाखवायला आणतील म्हणून लपवत होता. हेबर्लेबाई म्हणाल्या, गेनाऊ (अगदी बरोबर), मग ऑक्टोबरनंतर तुम्हाला दुसऱ्या कोणाच्या स्वयंपाकाचा वास येईल, तुमचं मत मी धरत नाही. आणि त्यांनी तिथेच, कपडे पिळण्याच्या आवाजात, उत्कर्षला सांगितलं की करार करू, या वेळी मुदत न घालता.

सगळे उत्कर्षशी हात मिळवत होते तेव्हा मी मात्र एका धुलाईयंत्रावर बसून होतो. मला स्वतःची शरम वाटत होती. ज्याने समितीसमोर दुसऱ्यांची नावं सांगितली तो माणूस संपला, हे मी वर्गात इतकी वर्षं ठणकावून सांगत आलो. आणि मी स्वतः, कोणी प्रश्न विचारला नसताना, उभं राहून, चांगल्या इंग्रजीत नाव सांगून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी मी विमरकडे माफी मागायला गेलो. तो म्हणाला, बरं झालं, मला सांगायचं धाडस होत नव्हतं. पण त्याने मला आत बोलावलं नाही, आणि ते बरोबरच आहे.

पार्टाय म्हणजे इमारतीतलं एक बिऱ्हाड, आणि दारावरची पाटी म्हणजे त्या आठवड्यात जिना झाडायची आपली पाळी, हे मला सभेच्या रात्री वल्लरीने सांगितलं. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, मधूनच ते हसण्याचं नसावं असंही वाटत होतं. मी सुरेखाकडे बघितलं. ती म्हणाली, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. अहो, आपले दीनानाथ भावोजी नाही का म्हणत, पार्टी आली आहे फ्लॅट बघायला, पार्टी चांगली आहे, पार्टीला तळमजला नको. तेच हे. मग सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं, तर म्हणाली, रिटायर झाल्यापासून तुम्हाला इतकं खुशीत मी बघितलं नव्हतं. म्हणजे जो शब्द तुम्ही माझ्यासमोर हजारदा उच्चारलात आणि मी दर वेळी मनात नाक मुरडलं, तो जर मी एकदा कान देऊन ऐकला असता तर एका मोठ्या देशाचा सगळा इतिहास एका जिन्यात उभा करायची वेळ आली नसती. हे मी लिहून देतो आहे. दाखवा ताईंना.

असो. वल्लरीची नोकरी राहिली, घर राहिलं, आणि तुमच्या या साडूच्या नावाने तळघरात टाळ्याही पडल्या. ताईंना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद, आणि डोळ्याचं ऑपरेशन आता टाळू नका.

आपला,
दत्तात्रय

ता. क. निधी परत येताना तिच्याबरोबर थालीपीठाची भाजणी पाठवा. हिंग नको. ऑक्टोबरपर्यंत आम्ही हिंग बंद ठेवला आहे, तेवढंच माझ्याकडून विमरला.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहायला घेतलं, आणि मग भलतंच लांबलं. पुण्यात आमच्या सोसायटीत समोरच्या बाजूचा जो फ्लॅट तुम्ही मला घेऊन दिलात, वल्लरीची मंडळी परत आली की त्यांना होईल म्हणून, तो आता भाड्याने द्यायचा आहे. सभेत बाई 'मुदत न घालता' म्हणाल्या तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या. सुरेखाने माझ्याकडे बघितलं आणि मला कळलं, की आपण काय जिंकून बसलो ते. मुलीचं भलं झालं, याचा आनंद आहेच. पण त्या रात्री आम्ही दोघंही झोपलो नाही. वल्लरीला यातलं काही बोलू नका. ती अजून तो फ्लॅट स्वतःचा धरून आहे, आणि इतक्यात तिला ते कळायला नको. आतल्या खोलीचे पडदे तेवढे काढून ताईंकडे ठेवा, ते सुरेखाने स्पृहासाठी शिवून घेतले होते.

भाडं तुम्ही ठरवा. पार्टी कोणत्या गावची, काय खाते, कोणाला मत देते, काही विचारू नका. लहान मूल असेल तर बरं. नसलं तरी चालेल, पण संध्याकाळी घरी असणारी माणसं बघा. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तीच खिडकी दिसते, आणि सुरेखा तिथे उभी राहून पोळ्या लाटते.